पेफ्टमध्ये लोरा अडॅप्टर एकत्र करून बघितले, त्याबद्दल थोडं

हगिंग फेस या एआय कंपनीची पेफ्ट लायब्ररी बहुतेकांना लोरा, म्हणजे मोठ्या भाषा मॉडेलला जोडायचे छोटे शिकवलेले भाग (अडॅप्टर), ट्रेन करायला म्हणून माहितीये, पण मला सांगायचंय ते तिच्या दुसऱ्या भागाबद्दल, म्हणजे आधीच ट्रेन झालेले अडॅप्टर उचलायचे, दोन-तीन एकत्र करायचे आणि नवीन कामाला लावायचे. माझं मत आधीच सांगतो, मराठीत काही करत असाल आणि हाताशी डेटा कमी असेल तर हे वापराच. ओपन सोर्स आहे, फुकट आहे.

लोरा आला २०२१ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या लोकांकडून. मूळ मॉडेलला हात लावायचा नाही, बाजूला दोन छोट्या मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) शिकवायच्या, त्यांचा गुणाकार म्हणजेच मॉडेलमध्ये करायचा बदल. जीपीटी-३ या मोठ्या मॉडेलवर त्यांनी दाखवलं की प्रत्येक कामासाठी ३५० जीबीच्या जागी साधारण ३५ एमबी साठवलं की भागतं. त्यामुळे बेस, म्हणजे मूळ, मॉडेल एकच लोड करून ठेवा आणि वर अडॅप्टर पाहिजे तसे बदलत बसा, पेफ्टमध्ये ते एका ओळीचं काम आहे.

आता एकत्र करणं. 'लिनियर' पर्याय सगळे पहिल्यांदा घेतात कारण नाव सोपं वाटतं, पण त्यात सगळ्या अडॅप्टरची रँक (त्या छोट्या मॅट्रिक्सचा आकार) सारखी लागते आणि शिवाय तो दोन्ही मॅट्रिक्सची बेरीज वेगवेगळी करतो, मग गुणाकार होतो तेव्हा पहिल्या अडॅप्टरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या अर्ध्याशी गुणला जातो, जे कोणी कधी ट्रेनच केलेलं नव्हतं! 'कॅट'मध्ये हे होत नाही, तिथे मॅट्रिक्स एकापुढे एक जोडतात, म्हणून बेरीज तंतोतंत येते, फक्त रँक वाढते, ८ आणि १६ जोडले की २४. मी तरी सुरुवात कॅटनेच करा म्हणेन. अडॅप्टर एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतील तर 'टाईज' आहे, ते बारीकसारीक बदल छाटतं, प्रत्येक वेटसाठी (मॉडेलमधल्या आकड्यासाठी) अधिक की उणे ते ठरवतं आणि त्या बाजूचेच आकडे घेतं. चांगलं आहे, पण डेन्सिटी (छाटल्यावर किती बदल राखायचे ते प्रमाण) किती ठेवायची ते तुम्हालाच चाचपून बघावं लागतं.

माझं काम होतं नागरिकांच्या तक्रारी वेगळ्या करणं, पाणी, कचरा, खड्डे असं. एक अडॅप्टर मराठी मजकुरावरचा, एक इंग्रजी तक्रारींच्या वर्गीकरणाचा. मराठीचं वजन (एकत्र करताना त्या अडॅप्टरचा वाटा) जास्त ठेवलं की 'तीन दिवस झाले नळाला पाणी नाही' याच्यापुढे मॉडेल 'पाणी' असं लेबल द्यायचं सोडून तक्रारच पुढे लिहायला लागतं, टँकर काय, नगरसेवक काय. वजन उतरवलं की लेबल नीट येतं. म्हणजे सगळा खेळ वजनांचा आहे, आणि ती अंदाजाने ठेवण्यात अर्थ नाही.

यावर २०२३ चं लोराहब हे संशोधन बघा. फ्लॅन-टी५ या गूगलच्या मॉडेलवर बरेच अडॅप्टर घेऊन, नवीन कामाची मोजकी उदाहरणं देऊन ते वजनं शोधतं, तेही ग्रेडियंट (आकडे कुठल्या दिशेला बदलायचे ते सांगणारं जड गणित) न काढता, त्यामुळे मोठा जीपीयू लागत नाही. प्रॉम्प्टमध्येच उदाहरणं देण्याच्या पद्धतीला ते मागे टाकत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय, पण दर वेळी ती उदाहरणं पाठवायचे टोकन (मॉडेलला जाणारे मजकुराचे तुकडे) वाचतात आणि रोज हजारो तक्रारी चालवायच्या असतील तर ही बचत मोठी आहे.

त्रास कुठे होतो तर अडॅप्टर शोधताना. बेस मॉडेल तेच पाहिजे, नुसतं नाव जवळपासचं असून चालत नाही, म्हणून डाउनलोड करायच्या आधी अडॅप्टरची कॉन्फिग फाईल उघडून बेस, रँक आणि मॉडेलच्या कुठल्या लेयरना (थरांना) लावलंय ते बघाच. आणि कितीतरी लोक माहितीचं पान कोरंच ठेवतात, डेटा कुठला, लायसन्स काय, काहीच नाही, असे अडॅप्टर मी घेत नाही. मराठीचा अडॅप्टर कोणी टाकत असेल तर कृपा करून एवढं तरी लिहा की मजकूर बातम्यांचा होता की बोलीतला, कारण वजन किती ठेवायचं याची सुरुवातच तिथून होते.