गाडी माझी, डीपी गल्लीचा: इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर इलेक्ट्रिक गाडी घेतली. दहा महिन्यांत १४,२०० किलोमीटर झालं. कोल्हापुरात राजारामपुरीतलं घर ते शिरोली एमआयडीसी हा रोजचा फेरा, महिन्यातून दोनदा राधानगरीकडे सासरवाडी, आणि अधूनमधून पुणे. गाडी चांगली आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. लिहायचंय ते चार्जिंगविषयी. गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं आधी विचार करावा अशी ही गोष्ट आहे आणि शोरूममध्ये तिच्याबद्दल मला कुणी एक शब्द सांगितला नाही.

मी फौंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. केव्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप), एमडी (कमाल वीजमागणी), पॉवर फॅक्टर हे माझे रोजचे शब्द. त्यामुळे घरच्या तयारीत कसूर केली नव्हती. मंजूर भार वाढवून थ्री फेज मीटर घेतलं, मीठ-कोळशाचा खड्डा करून वेगळं अर्थिंग केलं, चार्जरला बिघाड झाला की आपोआप वीज तोडणारे स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी लावले, सबमीटर बसवलं. सुरुवातीला गाडीबरोबर आलेला ३.३ किलोवॅटचा चार्जर साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर चालवत होतो. पंधरवड्यात सॉकेटचं तोंड तपकिरी पडलं. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी मात्र दहा-दहा तास सलग करंट ओढते, आणि ते घरगुती सॉकेटला सोसत नाही. निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावा, खर्च फार नाही. पुढे ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवला.

हे ७.२ किलोवॅट म्हणजे किती, ते आपल्याकडच्या भाषेत सांगतो. जवळजवळ दहा एचपीची मोटर. पंचगंगेवरून पाणी उचलायला लावतात तशी एक मोटर तुम्ही घरात आणता आणि पाच-सहा तास सलग चालवता. राजारामपुरीच्या गल्लीतल्या वायरी असल्या मोटरांचा हिशेब धरून ओढलेल्या नाहीत.

एप्रिलमधली गोष्ट. संध्याकाळी सातला आलो, गाडी लावली, आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर दिवे मंद, चार्जरवर व्होल्टेज १९८. शेजारच्या काकू दारात उभ्या. "काय लावलंयस रं तू त्या गाडीला? आमचा पंखा फिरंना झालाय, आणि ह्यांना दम लागतोय." काकांना दम्याचा त्रास आहे. मी पळत जाऊन गन, म्हणजे चार्जरचा प्लग, काढली, पण तोवर डीपीवरचा, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडाला आणि आमच्या फेजवरची (तिथून निघणाऱ्या तीन वीजतारांपैकी आमच्या तारेवरची) सगळी घरं अंधारात गेली. काकांना आमच्या हॉलमध्ये आणून बसवलं, दुसऱ्या फेजवरून पंखा लावून दिला. ते दीड तास माझ्या अजून डोक्यातून जात नाहीत.

वायरमनदादा आले. फ्यूज घालून झाल्यावर त्यांनी तारेतला करंट मोजणारं क्लॅम्प मीटर लावून दाखवलं. आमच्या गल्लीत तोवर तीन इलेक्ट्रिक गाड्या झाल्या होत्या: माझी, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची आणि समोरच्या अपार्टमेंटमधल्या एका ताईंची. तिन्ही सिंगल फेजवर चार्ज होणाऱ्या आणि तिन्ही नेमक्या एकाच फेजवर जोडलेल्या. एकेक गाडी ३१ अँपियर, म्हणजे नव्वदच्या वर करंट एका फेजवर, शिवाय उन्हाळ्याचे एसी. बाजूच्या दोन फेज त्या मानानं मोकळ्या. २०० केव्हीएचा डीपी फेजमागे पावणेतीनशे अँपियर देतो, पण तो आमच्या एका गल्लीसाठी थोडाच आहे? "साहेब, डीपी अजून दमदार हाय," ते म्हणाले, "तुम्ही सगळी एकाच बाजूला बसलाय."

मी त्याच क्षेत्रातला माणूस, आणि माझ्या घराच्या भिंतीपलीकडे मी पाहिलंच नव्हतं. आपल्या मीटरपर्यंतचं सगळं चोख असलं तरी मीटरपलीकडची तार आणि डीपी पन्नास-शंभर घरांचा सामाईक असतो. इलेक्ट्रिक गाड्यांनी देशाची ग्रीड कोसळेल असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. ३० मे २०२४ ला देशानं २५० गिगावॅटची मागणी पेलली, त्यापुढे आपल्या गाड्या किती? अडचण येते ती शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. डीपी दिवसभर तापतो आणि रात्री लोड उतरला की थंड होतो, त्या विश्रांतीवर त्याच्या आतल्या इन्सुलेशनचं आयुष्य टिकतं. सगळ्यांनी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गाड्या लावल्या तर ही विश्रांती संपली.

दुसऱ्याच रविवारी तिघं बसलो. तिन्ही चार्जर तीन वेगवेगळ्या फेजवर घेतले. चार्जरचा करंट ३२ वरून १६ अँपियरवर आणला, कारण रात्रभर गाडी उभीच असते, घाई कशाची? सात ते अकरा कुणी लावायची नाही असं ठरलं. टायमर लावताना मात्र एक चूक होता होता राहिली. तिघांनीही रात्री बाराची वेळ टाकली होती. शेतीपंपाच्या ऑटोस्विचचं जे होतं तेच झालं असतं. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरा एकदम उठतात आणि डीपी जळतो, म्हणून तर ऑटोस्विच काढा असं वीज कंपनी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आली. गाडीचे चार्जरही लाईट परत आली की आपणहून सुरू होतात. म्हणून आता साडेअकरा, पाऊण आणि दोन अशा वेळा आहेत. त्यानंतर आमच्या गल्लीत फ्यूज गेलेला नाही. व्होल्टेज मी रोज बघतो, २२५ च्या खाली आलेलं नाही.

मे महिन्यापासून मी अजून एक बदल केला आणि या सगळ्या अनुभवात मला सर्वांत मोलाचा तोच वाटतो. फौंड्रीच्या शेडवर सोलर आहे. मालकांना विनंती केली, पार्किंगमध्ये १६ अँपियरचे चार पॉइंट द्या, सबमीटरप्रमाणे पैसे पगारातून कापा. ते तयार झाले. त्यांची एकच अट होती: एमडी वाढता कामा नये. भट्टीचा लोड चढला की चारही पॉइंटचे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) आपोआप सुटतील आणि उतरला की एकामागून एक घेतील, अशी रिले मी जोडून दिली. आठवड्यातून तीन दिवस दुपारी चार तास गाडी लावतो. १३ युनिट जातात, म्हणजे ८० किलोमीटर. बाकी कामगारांच्या तीन ई-स्कूटर तिथंच चार्ज होतात. स्कूटरचा चार्जर म्हणजे इस्त्रीएवढा लोड, त्याची कुणाला झळ लागत नाही.

दुपारच्या चार्जिंगवर मी एवढा भर का देतो? दुपारी राज्यात सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती जाते, आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, मिक्सर, टीव्ही, एसी सुरू होतात. ती चढण चढायला कोयना लागते, कारण पाण्याची टर्बाइनं काही मिनिटांत लोड घेतात. पण कोयनेचं पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीला बांधलेलं आहे. संध्याकाळी सातला लावलेली गाडी त्या मोजक्या पाण्यावर नाहीतर जास्तीच्या कोळशावर धावते. तीच गाडी दुपारी एकला लावली तर उन्हावर. फौंड्रीवाल्यांना वेळेप्रमाणे दर नवीन नाही, आम्ही भट्टीचं वेळापत्रक त्याच्यावरच बसवतो. आता टीओडी (वेळेप्रमाणे वापर नोंदवणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकालाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये युनिटमागे सवलत आहे. ज्यांची गाडी दिवसा घरी उभी असते त्यांनी ती सवलत नक्की घ्यावी.

आता पैशाचा हिशेब. घरी १,१५० युनिट, फौंड्रीत ६४०, बाहेरच्या फास्ट चार्जरवर ५२०. भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला मला सरासरी सहा किलोमीटरहून थोडं जास्त मिळतं. बॅटरीत जाईपर्यंत दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, हे गाडीचा स्क्रीन दाखवत नाही, सबमीटर दाखवतं. आमचं घर महिन्याला दीडशे युनिट वापरायचं, काही महिन्यांत त्यात गाडीचे १८० मिळाले आणि बिल ३०० चा टप्पा ओलांडून महागड्या दरात गेलं. गाडीची वीज स्वस्त आहे असं म्हणताना या वरच्या टप्प्याचा दर धरा. तरीही पेट्रोलच्या मानानं निम्म्याहून बराच कमी खर्च आला.

पुण्याच्या वाटेवरचा अनुभव मात्र मनस्तापाचा. दिवाळीत साताऱ्याजवळ एका हॉटेलच्या आवारात ६० किलोवॅटचा चार्जर, दोन गन. शेजारी दुसरी गाडी लागली की वीज निम्मी-निम्मी वाटली जाते, ही गोष्ट तिथं कुठंही लिहिलेली नव्हती. वाट बघण्यात आणि चार्जिंगमध्ये मिळून दोन तास गेले, मुलगी कंटाळून झोपली. युनिटला २० ते २५ रुपये घेता तर बंद चार्जर ॲपमध्ये चालू दाखवू नका, एवढी साधी अपेक्षा आहे. ६० किलोवॅट म्हणजे पाच एचपीच्या सोळा मोटरा एकदम. अशी जागा निवडताना तिथं स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर हवाच.

शहराचं काय, हा विचार सतत येतो. राजारामपुरीत निदान दारात गाडी लावायला जागा आहे. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत वाड्याच्या पहिल्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेंशन सोडून, रस्ता ओलांडून स्कूटर चार्ज करताना मी बघितलंय. पावसात त्या वायरीवरून मुलं उड्या मारत जातात. हे थांबायला हवं, आणि पार्किंगच्या जागी मीटर असलेले साधे, कमी ताकदीचे पॉइंट देणं हाच त्यावर उपाय दिसतो. केएमटीला, म्हणजे महापालिकेच्या बससेवेला, पीएम ई-बस सेवेतून शंभर बस मंजूर आहेत. दहा बस १२० किलोवॅटनं एकदम लावल्या तर १,२०० किलोवॅट होतात, आमच्या डीपीसारखे सहा. पण डेपोला स्वतःची उच्चदाब लाईन असते आणि कुठली बस किती वाजता येणार ते आधी माहीत असतं. मला त्या बसची काळजी नाही, उलट वाट बघतोय. काळजी आहे ती आमच्यासारख्या सुट्या गाड्यांची.

जुलैत पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की मी गाडी शंभर टक्के भरून ठेवतो, एरवी ऐंशीवर थांबतो. २०१९ ला उपकेंद्रं पाण्यात गेली आणि महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला, ते विसरणं शक्य नाही.

गल्लीत चौथी गाडी गणपतीत येतेय. घेणाऱ्या दादांनी रंग ठरवायच्या आधी मला विचारलं, "कुठल्या फेजला जागा हाय?" तिन्ही फेजची आठवडाभराची नोंद काढून त्यांच्या हातात दिलीय, आणि डीपीचा लोड तपासून क्षमता वाढवावी असा अर्ज चौघांच्या सहीनं सोमवारी देतोय. काकांचीही सही घेतलीय.