आईवडिलांच्या युद्धकाळातल्या वस्तू: व्यापाऱ्याला विकाव्यात की लिलावात काढाव्यात?

वडिलांची किंवा आईची युद्धातली पदकं, कागदपत्रं, गणवेश विकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "याचे किती येतील?" माझ्या मते त्याआधी दुसरं विचारायला हवं: घेणारा हे सगळं एकत्र ठेवेल का? किंमतही बरीचशी त्यावरच ठरते.

का, ते पदकाच्या कडेवर दिसतं. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश चांदीचं पदक उजेडात धरून फिरवलं की कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली सापडते. दुसऱ्या महायुद्धातल्या 'स्टार' (ताऱ्याच्या आकाराच्या) पदकांवर ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेनं आपल्या सैनिकांची नावं घातली. ब्रिटननं मात्र ती कोरीच वाटली. असा कोरा स्टार एकटा पडला की तो कोणाचाही. तो तुमच्या वडिलांचा होता हे सांगतात ते पे-बुक (सैनिकाची पगाराची वही), सोबतची चिठ्ठी आणि पत्ता लिहिलेलं पुठ्ठ्याचं खोकं. हे कागद एकदा गेले की सरकारी दप्तरात मिळतीलच असं नाही. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदींचा मोठा भाग जळाला, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या.

व्यापाऱ्याकडे पैसे लगेच हातात पडतात, हा त्याचा मोठा फायदा. घर रिकामं करायची घाई असेल तर तो छोटा नाही. पण त्याला पुढे नफ्यावर विकायचं असतं, त्यामुळे भाव कमी मिळणार हे धरूनच चालावं. त्याहून मला खटकतं ते वेगळं. बरेचदा तो मलई तेवढी काढून घेतो: शौर्यपदक उचलतो, पत्रं आणि फोटो तुमच्याकडेच राहतात. म्हणून "सगळं घेणार असाल तरच" असं आधीच सांगा आणि दोन-तीन ठिकाणी विचारा. जो विकत घेणार आहे त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नका. मूल्यांकन वेगळ्या माणसाकडून, फी देऊन करून घ्या.

लिलावाला वेळ लागतो, कधी काही महिने. विक्रीच्या रकमेतून कमिशन कापलं जातं. खरेदीदारालाही वर वेगळं शुल्क भरावं लागतं, त्यामुळे तो बोली लावताना तेवढा हात आखडता घेतो. पण लष्करी वस्तूंचेच लिलाव करणारी संस्था निवडली तर नावाची, कागदांसकट असलेली पदकं जाणकार संग्राहकांसमोर जातात. शिवाय संपूर्ण संच एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत, विकण्याची अट घालता येते. राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती) किती, वस्तू न विकली गेल्यास शुल्क लागतं का, फोटो आणि विम्याचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. नाव आणि कागद दोन्ही असतील तर मी लिलावाच्याच बाजूनं आहे. सुटे बिल्ले, पट्टे, नाव नसलेल्या टोप्या यांच्यासाठी व्यापारी पुरे.

ऑनलाइन स्वतः विकणं सामान्य वस्तूंना ठीक. मात्र जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्याची कडक बंधनं आहेत, अनेक संकेतस्थळंही अशा वस्तू घेत नाहीत. अमेरिकेत 'मेडल ऑफ ऑनर' हे तिथलं सर्वोच्च शौर्यपदक विकणं गुन्हा आहे.

कोणताही मार्ग निवडा, पदकं घासून चकचकीत करू नका. पॉलिशनं कडेवरची अक्षरं झिजतात, भावही उतरतो. जीर्ण झाली तरी मूळ फीत बदलू नका. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळात किंवा होकायंत्रात रेडियमचा रंग असू शकतो, ते उघडू नका. हातबॉम्ब किंवा गोळ्या निघाल्या तर तिथंच राहू द्या आणि पोलिसांना कळवा.

पत्रं आणि डायऱ्यांसाठी आधी संग्रहालयाला विचारा. पैसे बहुधा मिळणार नाहीत, नकारही येऊ शकतो, पण अभ्यासकांना ती तिथं वाचायला मिळतात. कुठेही देण्यापूर्वी प्रत्येक पान स्कॅन करा, पाकिटांवरचे शिक्केसुद्धा. आणि भावंडांची संमती लेखी घेतल्याशिवाय एकही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. एखाद्या बहिणीला पैसे नको असतील, तो गटफोटो हवा असेल. मग त्याची चांगली प्रत तिला द्या आणि मूळ फोटो संचातच ठेवा.