ट्रक पुलिंगसाठी जुने टायर घेताना मी कसा फसलो

गेल्या जुलैत काउंटी फेअरच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या जत्रेतल्या, ट्रक पुलमध्ये (ट्रकने ओझं ओढायच्या स्पर्धेत) माझा ट्रक वजनकाट्यावरून पुढे गेला आणि तपासणीच्या रांगेतूनच परत फिरवावा लागला. कारण टायर. रिमसकट चार टायर, ९५० डॉलर रोख मोजून घेतलेले.

आमच्या इंडियानातल्या कोलंबसमध्ये कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याहून आलेली मराठी मंडळी बरीच आहेत. त्यातल्या तीन-चार जणांनी यंदा जुने डिझेल पिकअप घेतलेत आणि पुलिंगसाठी कुठले टायर घ्यावेत म्हणून मला फोन करतायत. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. मातीच्या पट्टीवर ट्रकच्या मागे एक अवजड स्लेड, म्हणजे जमिनीवरून ओढायची गाडी, जोडतात. त्यावर वजनाची पेटी असते. ट्रक निघाला की ती पेटी हळूहळू ट्रकच्या दिशेने सरकते आणि स्लेडचा पुढचा भाग जमिनीत दाबला जातो. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं ओझं वाढतं. आमच्याकडे ३०० फूट ओढलं की फुल पुल. ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला दर ऑगस्टमध्ये राष्ट्रीय स्पर्धा होते, १९६७ पासून. शेजारचे शेतकरी आजोबा मला तिथे घेऊन गेले आणि मी या खेळाच्या नादी लागलो.

माझा ट्रक २००१ चा रॅम २५००, ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन. मी उतरतो तो साधा स्ट्रीट वर्ग, म्हणजे रोज रस्त्यावर चालवता येईल असाच ट्रक लागतो. टायर डीओटी शिक्क्याचे, म्हणजे अमेरिकी परिवहन खात्याच्या नियमांत बसणारे, हवेत, ३५ इंचांपेक्षा मोठे नकोत आणि त्यांना कुठेही कापलेलं नको. वरच्या वर्गांत टायरच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांना धार लावतात, ट्रॅक्टरसारखी नक्षी कापून घेतात. आमच्या वर्गात ते चालत नाही. १६ इंची रिमवर ३१५/७५ मापाचा टायर साधारण साडेचौतीस इंच भरतो, म्हणून बहुतेक जण तोच घेतात. मलाही तोच हवा होता. नव्याला एकेकाचे ३०० डॉलरच्या आसपास पडत होते, वर रिम वेगळ्या.

मे महिन्यात जाहिरात दिसली. "पुलिंग सोडलं, टायर विकायचे, दोनच सीझन वापरलेत." माणूस बोलायला अगदी सरळ. मुलगा कॉलेजला चाललाय, पैशांची गरज आहे, म्हणाला. घरी बोलावलं नाही. आय-६५ हायवेच्या एका एक्झिटजवळच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटू म्हणाला. टायर पिकअपमध्ये आडवे एकावर एक रचलेले, काळेभोर, चकचकीत. नक्षी खोल. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, डीओटी अक्षरं शोधली, ती दिसली, आणि माझं समाधान झालं. संध्याकाळ होत आली होती. पैसे दिले. पावती मागितली नाही, त्याच्या गाडीचा नंबर टिपला नाही.

सहा आठवडे ते टायर ट्रकवर होते. त्याच टायरवर मी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायचो, एकदा सगळे इंडियानापोलिसला जाऊन आलो. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तपासणी करणारा माणूस पन्नाशीचा होता. बॅटरी घेऊन तो सरळ ट्रकखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. मला खाली वाकायला सांगितलं आणि टायरच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं. डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते, ०९०८. म्हणजे २००८ सालचा नववा आठवडा.

ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि बऱ्याच जणांना नसते. टायर कधी बनला ते सांगणारा पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी नियमाला पुरतं. दुसऱ्या बाजूला अर्धाच क्रमांक चालतो, तारखेविना. विकणाऱ्याने तारखेची बाजू आत करून टायर रिमवर चढवले होते. मी बाहेरून "डीओटी" वाचलं आणि खूश झालो. दुसऱ्या टायरवर ३४११ निघालं, तिसऱ्यावर १७०९. चौथ्यावर आकड्यांच्या जागी रबर घासून गुळगुळीत केलेलं होतं. शिवाय चारही टायरच्या ठोकळ्यांच्या कडा ताज्या कापलेल्या. तपासणी करणाऱ्याने मला बाद केलं. त्याचं काही चुकलं नाही, उलट त्याचे उपकारच झाले.

त्या रात्री मी साताऱ्याला आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आप्पा एसटीच्या डेपोत टायर विभागात होते, उभं आयुष्य टायर हाताळण्यात गेलं. तिकडे सकाळ होती, हातात चहाचा कप. मी कॅमेरा टायरवर धरला. ते म्हणाले, "वरून नको दाखवू. खाचेच्या तळात उजेड पाड."

मी मोबाइलचा टॉर्च खाचेत टाकला. आप्पांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ आणला आणि म्हणाले, "हा गोटा झालेला टायर आहे रे. कट मारलाय याला."

मग त्यांनी एकेक दाखवलं. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, दीड-एक मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला समजायचं. माझ्या टायरमध्ये ते उंचवटे मधूनच कापलेले होते, सुरीने लोणी कापावं तसे. खाचेचा तळ साच्यातून निघालेला असता तर एकसारखा असता. इथे तो कमी-जास्त, लाटांसारखा होता, आणि एका जागी कापताना सुरी इतकी खोल गेली होती की आतले धागे दिसत होते. तापलेल्या सुरीने खाचा कोरून नक्षी खोल केली होती आणि वर पॉलिश मारलं होतं. ज्या टायरला अशा खाचा पाडायची मुभा असते त्यात तळाला तेवढं जाड रबर ठेवलेलं असतं आणि बाजूवर "रीग्रूव्हेबल" असं लिहिलेलं असतं. ते मोठ्या ट्रक-बसचे टायर. पिकअपच्या टायरला कोरलं की उरतं ते पातळ कातडं.

दुसऱ्या दिवशी साबण आणि ब्रशने टायर घासून धुतले. पॉलिश गेलं आणि ठोकळ्यांच्या मुळाशी भेगा दिसायला लागल्या, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा. टायरच्या दुकानात रबराचा कडकपणा मोजला. शोअर मापात नवं रबर साधारण ६० ते ७० च्या मधे असतं, माझे चारही ८० च्या वर. असं रबर माती धरत नाही, घसरत राहतं. आप्पांनी आणखी एक करायला लावलं, प्रत्येक टायरच्या घेराला टेप लावून मोजायला. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान घेरात सव्वा इंचाचा फरक निघाला. चारही चाकं जोडून जोर लावायचा म्हटल्यावर हा फरक ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, येतो.

पोलिसांत गेलो. त्यांनी नोंद घेतली. स्मॉल क्लेम्स कोर्टात इंडियानात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा करता येतो, पण समन्स पाठवायला नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे होता फक्त एक बंद पडलेला फोन नंबर. जाहिरातही गायब झाली होती.

आता जे मला विचारतात त्यांना मी एवढंच सांगतो की रिमवर चढवलेला जुना टायर घेऊच नका. घ्यायचाच असेल तर दिवसाउजेडी, विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चाक उलटंपालटं करून, दोन्ही बाजू वाचून घ्या. चारही टायरचे आकडे कागदावर लिहा. जो माणूस चाक उलटू देत नाही त्याच्यापुढे एक मिनिटही थांबू नका. बऱ्याच गाड्यांच्या कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, काही टायर कंपन्या दहा वर्षांवर अजिबात वापरू नका म्हणतात, नक्षी कितीही शिल्लक असो. आणि पॉलिश मारलेला टायर ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय पाहू नका. मी यंदा दोन महिने थांबून नवे घेतले.

जुने चार टायर गॅरेजच्या मागे पडून होते. एका ओळखीच्याने शंभर डॉलरला मागितले, शेतातल्या ट्रॉलीला लावतो म्हणाला. आप्पांना सांगितलं तर ते फोनवर जवळजवळ ओरडलेच, "देऊ नकोस. बाजूला चिरा मार आधी, नाहीतर परत कुणाच्या तरी गळ्यात पडतील." शनिवारी करवत घेऊन बसलो. चारही टायरच्या बाजू दोन-दोन ठिकाणी आरपार कापल्या आणि विल्हेवाटीचे पैसे भरून ते टायरच्या दुकानात टाकून आलो.