वॉक-इन फ्रीझर, वर्षभर वापरल्यावर: थंडीची तक्रार नाही, दाराची आहे

आठ बाय दहाची खोली, १०० मिमीचे पफ पॅनल (आत फोम भरलेल्या भिंती), तापमान उणे १८. बाकीचं माहितीपत्रकात आहेच, इथे उगाळत नाही. आमचं केटरिंगचं किचन पुण्यात, धायरीला, शुद्ध शाकाहारी. हिवाळ्यात स्वस्तात भरलेला मटार, ओल्या नारळाचा चव, हापूसचा रस, सासवडकडच्या सीताफळांचा गर. एवढ्यासाठी खोली घेतली आणि गार ठेवण्यात तिने एकदाही दगा दिलेला नाही. गुरुवारी लाइट जाते तेव्हाही दाराला हात लावला नाही तर आकडा फारसा हलत नाही.

पण ते दार! आत जायचं, क्रेट आणायचा, दार लावायचं. तेवढ्यात आठवतं, नारळ राहिला. हँडल ओढावं तर दार ढिम्म. मिनिट-दोन मिनिटं थांबलं की आपसूक उघडतं. मुहूर्ताच्या दिवशी, बाहेर टेम्पो उभा, आणि आमच्या मावशी चौकटीला पाय लावून हँडल ओढतायत. आतून उघडायची कळ आहे म्हणा, पण तीही अशा वेळी जोर लावल्याशिवाय हलत नव्हती. घाबरायला होतं.

कंपनीचा माणूस आला, दार दोनदा उघडझाप करून म्हणाला, "मॅडम, गॅस्केट गेलं." गॅस्केट, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, वॉरंटीत बसत नाही म्हणे, झिजणारी वस्तू. नवं बसवलं, बिल साडेपाच हजार, वर जीएसटी, वर व्हिजिटचे वेगळे. दार आधीपेक्षा घट्ट! बसणारच ना. गॅस्केट सैल असतं तर बाहेरची हवा आत शिरली असती आणि दार सहज उघडलं असतं, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं.

खरं कारण आइस्क्रीमच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी दाखवलं. दार उघडलं की किचनची गरम हवा आत येते. दार लागलं की ती झटकन गार होऊन आकसते आणि आतला दाब पडतो. नुसता एक टक्का पडला तरी तीन बाय सहाच्या दारावर बाहेरून पावणेदोनशे किलोच्या आसपास भार येतो. हा फरक भरून काढायला भिंतीत मुठीएवढा व्हेंट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असतो आणि तो बर्फाने बुजू नये म्हणून त्यात बारीकसा हीटर. आमचा हीटर जळला होता, व्हेंटमध्ये बर्फाचं बूच. काकांनी ते काढलं, हीटर बदलला, साडेचारशे रुपये घेतले आणि चहा पिऊन गेले. तेव्हापासून दार पोरसुद्धा उघडतं. साडेपाच हजारांचं ते गॅस्केट मात्र अजून डोळ्यात खुपतं.

या भानगडीत एक बरं झालं. दार परत उघडत नाही म्हटल्यावर एका फेरीतच सगळं काढायची सवय लागली आणि मांडणी त्या हिशोबाने ठरली. रोज सकाळी लागणारं दाराजवळ. पण दाराजवळच गरम हवेचा झोत येतो, म्हणून तिथे मटारासारखा दणकट माल. रस, गर, उकडीचे मोदक मागच्या रॅकवर. कांदा-लसणाचं वाटण एकदम दुसऱ्या भिंतीला, झाकणाच्या डब्यात. चातुर्मासातल्या ऑर्डरीत सीताफळ बासुंदीला लसणाचा वास आला तर यजमान पैसे देणार नाहीत, आणि बरोबरच आहे.

मालाची खोकी आत नेत नाही. पुठ्ठा दमट होऊन बसतो आणि तळाचा माल दबतो. जाळीचे क्रेट, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून चार बोटं लांब, पंख्यासमोर काहीही नाही. रस एकेक किलोच्या चपट्या पिशव्यांत ट्रेवर आडवा गोठवायचा, मग वह्यांसारखा उभा लावायचा, तारीख वरच्या कडेला. लेबल पिशवी कोरडी असतानाच लावा; दव धरलेल्या प्लास्टिकवर काही चिकटत नाही. आतली नोंदवही पेन्सिलीने. बॉलपेन त्या थंडीत रुसतं.

आणि गरम पातेलं आत सरकवू नका. ही साठवायची खोली आहे, गोठवायचं यंत्र नव्हे. माल सावकाश गोठला की बर्फाचे कण मोठे होतात, आणि सोडवल्यावर रसाला पाणी सुटतं.

दारावरच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या पडद्याला पहिले काही महिने मी शिव्या घातल्या. थंडगार, ओलसर, तोंडावर येणारा. पोरांनी बांधून ठेवला, तर आठवड्यात दारापाशी लादीवर बर्फाचा थर आणि कॉइलवर, म्हणजे आतली हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, शेवाळासारखा पांढरा बर्फ. पट्ट्या सोडल्या. अजून आवडत नाहीत, पण शिव्या बंद.

डीफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवायची, वेळ मात्र खोली बसवल्या बसवल्या बदलून घ्या. आमची सकाळी सहाला लागायची, नेमकी माल काढायच्या वेळी: पंखे बंद, दार उघडं, सगळी वाफ कॉइलवर. आता पहाटे चारला आहे.

हल्ली वार्षिक देखभालीच्या करारासाठी फोन येतात. कराराच्या यादीत व्हेंटचा हीटर लिहून द्या, म्हटलं. "साहेबांना विचारून सांगतो." अजून विचारतायत.