क्रॉलरच्या स्टीअरिंग सर्व्होला करंट कुठून द्यायचा: ईएससी, वेगळा बीईसी की थेट बॅटरी?

1:10 चा रॉक क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची गाडी) हातात आला की थोड्याच दिवसांत स्टीअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) बदलायची खुमखुमी येते. डब्यावर 25 किलो, 35 किलो असे जोराचे आकडे असतात आणि आपण किलोवर भुलतो. बघायचा आकडा वेगळाच. चाक दोन दगडांच्या बेचक्यात अडकलं आणि सर्व्हो जागच्या जागी जोर लावू लागला की तो किती अँपिअर ओढतो? हाच स्टॉल करंट. जोरदार सर्व्होचा तो सहज 4-5 अँपिअरपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. वायरिंग कसं करायचं ते यावरूनच ठरवा.

पहिला पर्याय म्हणजे काहीच न करणं. ईएससीमध्ये (गाडीच्या मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) बीईसी असतोच. तो बॅटरीचा व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणारा डबा) देतो आणि सर्व्हो रिसीव्हरमधूनच जेवतो. क्रॉलरच्या बऱ्याच ईएससींत हा बीईसी 3 अँपिअरच्या आसपासचा असतो. काहींत 6 किंवा 7.4 व्होल्ट निवडता येतो. गाडीसोबत आलेल्या सर्व्होला एवढं पुरतं. ट्रॅक्सस टीआरएक्स-4 सारख्या गाडीत मात्र पुढचा-मागचा डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय) आणि गिअर बदलणं यांचे छोटे सर्व्होही त्याच बीईसीवर असतात, हे विसरू नका.

बीईसी कमी पडला की लक्षण ठरलेलं असतं. कातळावर चढताना चाक अडकतं, तुम्ही स्टीअरिंग पूर्ण वळवता, गाडी क्षणभर मरते, दिवे मिणमिणतात आणि सगळं पुन्हा सुरू होतं. बिचाऱ्या रिमोटला शिव्या बसतात. खरं तर व्होल्टेज इतका खाली गेलेला असतो की रिसीव्हरच बंद होऊन परत चालू झालेला असतो. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर मल्टीमीटर लावा, चाक हाताने धरून स्टीअरिंग वळवा. 6 व्होल्टचा आकडा 5 च्या खाली घसरला तर उत्तर मिळालं. (मीटरवर 'मिन' बटण असेल तर ते दाबून ठेवा, क्षणिक घसरण साध्या डोळ्याला दिसत नाही.) रिसीव्हरमध्ये मोठा कपॅसिटर खोचायचा सल्ला हमखास मिळतो. क्षणभराची घसरण तो सावरतो, पण अडकलेलं चाक दोन-तीन सेकंद रेटलंत तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा पर्याय वेगळा बीईसी, आणि बहुतेकांनी इथेच थांबावं असं माझं मत. बॅटरीच्या प्लगवरून दोन वायरी सोल्डर करून बीईसीला द्यायच्या, त्याचं आउटपुट सर्व्होला. कॅसल क्रिएशन्सचा 10 अँपिअरचा बीईसी या कामासाठी जुना आणि नावाजलेला आहे; पण 10 हा क्षणिक आकडा आहे, सतत मिळणारा करंट त्याहून कमी असतो. शिवाय तो कारखान्यातून 5 व्होल्टच्या आसपास सेट होऊन येतो. कॅसल लिंक (सेटिंग बदलायचं कंपनीचं साधन) लावून व्होल्टेज वाढवला नाहीत तर 7.4 व्होल्टचा सर्व्हो मरगळलेलाच राहील.

हे आउटपुट रिसीव्हरमध्ये खोचू नका, थेट सर्व्होच्या लाल-काळ्या वायरींना द्या. सर्व्होचा बारीक प्लग आणि रिसीव्हरच्या पिना 5-6 अँपिअरसाठी केलेल्याच नसतात. रिसीव्हरकडे फक्त सिग्नलची वायर (पांढरी, पिवळी किंवा नारिंगी) आणि काळी वायर न्यायची. काळी तोडलीत तर सिग्नलला आधारच राहत नाही आणि सर्व्हो वेड्यासारखा थरथरतो. रिसीव्हर पूर्वीसारखा ईएससीवरच चालू द्या. उलट बीईसी रिसीव्हरमध्येच लावायचा असेल, तर ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढावी लागते: प्लास्टिकची छोटी जीभ सुईने उचलायची, पिन मागे ओढायची, हीट श्रिंक चढवून वायरीलाच बांधून ठेवायची. कापू नका, उद्या परत लागेल.

पावसाळ्यात ओढ्यात गाडी घालणार असाल तर एक पाहून घ्या. ईएससी वॉटरप्रूफ असला तरी स्वस्तातला बीईसी तसा असेलच असं नाही.

तिसरा पर्याय थेट बॅटरी. 2एस (दोन सेलची) लायपो बॅटरी पूर्ण चार्ज असताना 8.4 व्होल्ट देते, 3एस (तीन सेलची) 12.6. म्हणजे 8.4 व्होल्टचा एचव्ही (जास्त व्होल्टेजवर चालणारा) सर्व्हो 2एसवर सरळ चालतो. 3एसवर फक्त तोच सर्व्हो जोडा ज्यावर कंपनीने 3एस चालेल असं लिहिलंय. बाकीचे धूर काढतील. जोर भरपूर मिळतो, मध्ये अडथळा काही नाही. बॅटरी उतरत जाते तसं स्टीअरिंग किंचित मंदावतं, पण क्रॉलरमध्ये ते जाणवतही नाही.

खरी गैरसोय वेगळीच आहे. ईएससीचं बटण बंद केलं तरी सर्व्होला वीज चालूच राहते, आणि लो-व्होल्टेज कटऑफही (बॅटरी फार उतरू नये म्हणून ईएससीत असलेली सोय) त्याला थांबवत नाही. बॅटरी गाडीतच जोडलेली राहिली तर रात्रभरात लायपोची वाट लागू शकते. ज्यांना प्लग काढायची सवय नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. फ्यूजही लावावा, मध्ये बीईसी नसल्यामुळे घासलेली वायर सरळ बॅटरी शॉर्ट करते.

2एसच वापरत असाल आणि एचव्ही सर्व्हो हातात असेल, तर तिसरा पर्याय स्वस्त आणि दमदार. 2एस-3एस आलटून पालटून वापरत असाल तर वेगळा बीईसी. आणि सर्व्हो कोणताही असो, रिमोटवर स्टीअरिंगचे एंड पॉइंट (सर्व्होने कुठवर वळायचं त्या मर्यादा) आधी लावून घ्या. पूर्ण वळल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर तो चाक नाही, नकलचा (चाक धरून वळणाऱ्या भागाचा) स्टॉपर रेटतोय. गुणगुण थांबेपर्यंत एंड पॉइंट कमी करा. कधीकधी तेवढ्यानेच ईएससीचा बीईसी पुरून जातो आणि खर्च वाचतो.