विधी सेवेचा मोफत वकील: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे येईलच.

सप्टेंबर २०२४ मध्ये तालुका कोर्टाच्या इमारतीतल्या विधी सेवा समितीत अर्ज दिला, आता नोव्हेंबर २०२५ उजाडला. मी तळकोकणातली, पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बारा वर्षं. नवरा मुंबईला नोकरीला, तीन वर्षांहून जास्त काळ आम्ही वेगळे. मुलगी दहावीत. भांडण घटस्फोटाचं नव्हतंच, तो दोघांनाही हवा होता. अडलं होतं ते पैशांवर.

समितीत जाण्याआधी एका खासगी वकिलाला पंचवीस हजार आगाऊ मोजून बसले होते. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "काळजी करू नका, अर्धी इस्टेट काढून देतो." चार महिन्यांत साधी नोटीस गेली नाही. पैसे परत मागितल्यावर फोन उचलणं बंद.

अर्ध्याचं हे गाजर मी खाल्लं, कारण म्हापशाची माझी मावसबहीण नेहमी म्हणायची, बायकोचं अर्धं असतंच. तिचं खोटं नव्हतं. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा १८६७ चा दिवाणी कायदा आजही चालतो आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. पण पत्रादेवीचा नाका ओलांडून अलीकडे महाराष्ट्रात आलं की हिंदू विवाह कायदा, आणि त्यात लग्नानंतरची सगळी कमाई एका ढिगात घालून वाटायची सोय नाही. ज्याच्या नावावर त्याचं, दोघांच्या नावावरचं दोघांचं, स्त्रीधन बायकोचं, उरलं ते पोटगीत. हे मला पहिल्यांदा नीट सांगितलं ते समितीने दिलेल्या वकील मॅडमनी, तेही पाच मिनिटांत आणि फुकट.

मोफत मदत फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना, असं मला वाटायचं. तसं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही बाईला वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. माझी पगाराची स्लिप कोणी मागितली नाही. आधारची झेरॉक्स आणि एक पानी अर्ज, संपलं. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. वकिलाची फी प्राधिकरण देतं. माझे चौदा महिन्यांत झेरॉक्स, नोटरी आणि एसटी धरून सहा हजार नऊशे गेले (वहीत मांडलेत, सवयच ती).

आता कापलेले मार्क. वकील मिळायला तीन आठवडे लागले. पहिले मिळाले ते दोन तारखांना आलेच नाहीत, बदलून मागितले तर आणखी महिना. मॅडम आल्या आणि काम सुरू झालं, पण त्यांच्याकडे एवढी प्रकरणं की माझी फाईल त्यांना दर वेळी पहिल्यापासून वाचावी लागायची. शेवटी मीच पहिल्या पानावर तारखा आणि अडलेल्या मुद्द्यांचा कागद टाचायला लागले, मग गाडी पळाली. खासगीत हे काम ज्युनियर करतो. इथे ज्युनियर तुम्ही.

मॅडमनी थेट घटस्फोटाला हात घातला नाही. आधी पोटगीचा अर्ज, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पूर्वीच्या कलम १२५ चं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. मी जिथे राहते तिथेच तो करता येतो, मुंबईच्या खेपा वाचल्या. खरं कारण दुसरं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं: पगार, एफडी, पीएफ, विमा, कर्ज, सगळं. नवरा काय दडवतोय ते शोधत बसण्यापेक्षा त्यालाच शपथेवर लिहायला लावायचं.

पण समन्स लागेल तर ना. मुंबईच्या पत्त्यावरून दोनदा परत आलं, "घर बंद." तिसरं लागलं शिमग्याला. चाकरमानी पालखीला गावी येणारच, हे हवालदारालाही ठाऊक. पालखी अंगणात, ढोल वाजतोय आणि नवरा सही करतोय. सासूबाईंना काय वाटलं असेल याचं मला अजून वाईट वाटतं. पण सही झाली.

त्याच्या प्रतिज्ञापत्रात मला माहीत नसलेली एक एफडी निघाली आणि एक वैयक्तिक कर्जही. माझ्या बाजूने मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटच्या हप्त्यांचं स्टेटमेंट लावलं. सहा वर्षांचे हप्ते माझ्या पगाराच्या खात्यातून गेलेत, ती प्रत्येक ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली. मध्यस्थीच्या खोलीत त्या पिवळ्या पट्ट्यांनी जे केलं ते कुठल्या भाषणाने केलं नसतं.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या. त्याचं म्हणणं, "फ्लॅट मी ठेवतो, हप्ते मी भरतो, तू मोकळी." मध्यस्थांनाही ते पटत होतं. मला नाही. कर्जाच्या टेबलावर मी हे पाहिलंय: कोर्टाचा हुकूमनामा तुमच्या दोघांतला, बँक त्यात पक्षकार नसते. त्याने हप्ता थकवला की बँक सहकर्जदार म्हणून माझ्या दारात येणार आणि सिबिल माझंही पडणार. बँक एका नावावर कर्ज ठेवायला तयार होईना, त्याचा पगार पुरत नव्हता. मग फ्लॅट विकला, कर्ज फेडलं, उरलेलं निम्मं-निम्मं. बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचं बँकेचं पत्र) हातात येईपर्यंत मी संमतीच्या घटस्फोटातल्या दुसऱ्या, शेवटच्या सहीला बसले नाही.

तालुक्यातल्या खोलीतला त्याचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने मुलीच्या नावे झाला. राहत्या घराचं मुलांना बक्षीसपत्र केलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी २०० रुपये, नोंदणीचे बाकीचे आकार वेगळे. ही सवलत नवरा-बायकोतही आहे, पण ती हुकूमनामा व्हायच्या आत वापरावी लागते. बाप-लेकीचं नातं कोर्ट तोडत नाही, म्हणून आम्हाला घाई नव्हती.

सोन्याबद्दल मात्र सावकाश सांगते. आई म्हणायची, "सोना गेला तर गेला, पण सुटका करून घे गो." मी ऐकलं नाही. सासरी कपाटात राहिलं म्हणून स्त्रीधन सामाईक होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात सांगून ठेवलंय. लग्नाच्या अल्बममधून प्रत्येक दागिना शोधला, सोनाराच्या जुन्या पावत्या आईच्या ट्रंकेतून काढल्या. त्याने रुपयांत रक्कम देऊ केली, पावतीवरच्या भावाने! सतरा-अठरा वर्षांपूर्वीचा तो भाव. तडजोडीच्या मसुद्यात मॅडमनी ओळ लिहिली: अमुक ग्रॅम, २२ कॅरेट, वस्तुरूपाने किंवा परताव्याच्या दिवशीच्या भावाने. त्या एका ओळीने माझ्या चौदा महिन्यांचे पैसे वसूल.

दागिने परत घेताना सोनाराकडे वजन केलं. पाटल्या बरोबर भरल्या. कोल्हापुरी साज काट्यावर ठेवला तर पावतीएवढाच, नवऱ्याचा भाऊ खूश. सोनार हसून म्हणाला, "वहिनी, मण्यांत लाख आहे, हे सगळं सोनं नव्हे." म्हणजे माझ्याच यादीत मी लाखेचं वजन सोन्यात धरलं होतं. दुरुस्ती माझ्या तोट्याची होती, तरी तिथेच लिहून दिली. यादी करताना निव्वळ वजन वेगळं लिहा.

मिळालं नाही ते हापूसच्या कलमांचं. सासऱ्यांच्या जमिनीत चाळीस कलमं लावली, खड्डे, माती, पहिल्या तीन उन्हाळ्यांचं पाणी, सगळं माझी बांगडी गहाण टाकून. सातबारा सासऱ्यांचा, त्यात माझं नाव कुठे नाही. मॅडम स्पष्ट म्हणाल्या, यात काही निघणार नाही, फार तर एकरकमी पोटगीचा आकडा ठरवताना बोलू. तेवढं बोलल्या, आकडा थोडा वाढला. त्याने दरवर्षी पाच पेट्या आंबे द्यायची तयारी दाखवली होती. मॅडमनी ते कलम खोडलं. "पेटी खराब निघाली तर मी कुठे वसुलीची दरखास्त लावू?"

पुढचं भराभर झालं. परस्पर संमतीचा अर्ज ऑगस्टमध्ये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब मधली सहा महिन्यांची थांबायची मुदत कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या निकालापासून, मात्र सगळं मिटलेलं हवं. आमचं होतं. ऑक्टोबरमध्ये हुकूमनामा. एकरकमी रक्कम दोन डीडींत घेतली, एक पहिल्या सहीला, एक दुसऱ्या. "नंतर देतो" या शब्दावर सही करू नका. वरच्या कोर्टात जायची वेळ आली नाही. आली असती तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याला मुंबईऐवजी हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

मुलीचा महिन्याचा खर्च जुलैपासून माझ्या खात्यात येतो, पाच तारखेच्या आत असं ठरलंय. दोनदा पंधरवडा उशीर झाला. मॅडमनी वसुलीचा अर्ज तयार ठेवून त्याला फक्त कळवलं, दुसऱ्या दिवशी पैसे जमा. प्रकरण संपल्यावरही त्यांनी फोन उचलला, यासाठी एक मार्क परत द्यावासा वाटतो. पण पहिल्या वकिलाच्या त्या दोन चुकलेल्या तारखा आठवतात, म्हणून साडेतीनच.

गेल्या आठवड्यात माझी जुनी एलआयसी पॉलिसी उघडली. वारस म्हणून अजून त्याचंच नाव. रोज चार लोकांना वारस बदलायचे फॉर्म भरून देणारी मी. सोमवारी शाखेत जातेय.