एचएनबीआरचा लॉट तपासायचाय: एफटीआयआर की एनएमआर?

रबाळे एमआयडीसीत ओ-रिंग आणि सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची लॅब मी सांभाळतो. परवा महापेच्या मित्राने विचारलं, कच्च्या एचएनबीआरचं (हायड्रोजन बसवलेल्या नायट्राइल रबराचं) हायड्रोजनेशन, म्हणजे किती दुहेरी बंधांवर हायड्रोजन बसलाय ते बघायला एफटीआयआर (नमुना कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते दाखवणारं यंत्र) विकत घेऊ, की एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन मोजणारी चाचणी) बाहेरून करून आणू? या घोळातून मी गेलोय.

एफटीआयआरची सोय मोठी. तुकडा एटीआरच्या (नमुना थेट दाबून मोजायच्या जोडणीच्या) हिऱ्यावर दाबला की दोन मिनिटांत स्पेक्ट्रम. 2237 सेमी⁻¹ ला नायट्राइल, 970 ला उरलेले दुहेरी बंध, 723 च्या आसपास हायड्रोजन बसून झालेली सीएच-टू (CH₂) गटांची रांग. कार्बन ब्लॅकचा माल असेल तर हिऱ्याऐवजी जर्मेनियम लावा. पावसाळ्यात खाडीच्या हवेने यंत्रातलं ओलावा शोषणारं सिलिका जेल सारखं गुलाबी होतं, ते तापवत बसायचं, एवढंच.

मला खुपलं ते वेगळंच. हायड्रोजनेशन 99 टक्क्यांपाशी गेलं की 970 चा डोंगर पार बसतो. उरलंय ते टेकाड की बेसलाइनची सुरकुती, कळत नाही. एकाच स्पेक्ट्रमवर मी एका बिंदूपासून रेघ ओढली, सेकंड शिफ्टच्या पोराने दुसऱ्या. सकाळी नापास केलेला लॉट संध्याकाळी पास! चार-पाच टक्के दुहेरी बंध उरले असतील तर लॉट गंधकाने क्युअर होतो (साखळ्या एकमेकींना जोडून रबर पक्कं होतं), टक्क्याच्या आत असतील तर पेरॉक्साइडच लागतं. लॉट पास धरून आम्ही गंधक घातलं. साच्यातून निघालेल्या रिंगेत नख दाबलं, तर वण तसाच राहिला, म्हणजे क्युअर नीट झालंच नव्हतं.

एनएमआरला कच्चं रबर ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं. दुहेरी बंधांचे प्रोटॉन 5 ते 5.6 पीपीएमच्या पट्ट्यात सीएच-टूंच्या गर्दीपासून लांब बसतात, त्यामुळे रेघेवरून वाद फारसा होत नाही. क्युअर झालेली रिंग मात्र नुसती फुगते, विरघळत नाही. तिथे एनएमआर बाद. शिवाय नमुना ऐरोली पुलावरून पवईच्या लॅबला धाडायचा आणि तोवर गठ्ठे गोदामात अडकवून ठेवायचे.

डीएससी-टीजीएवर (नमुना तापवून मोजायच्या चाचण्यांवर) ही भिस्त ठेवू नका. डीएससीत दिसणारी टीजी (ज्या तापमानाखाली रबर काचेसारखं कडक होतं ती) नायट्राइलच्या प्रमाणानेही सरकते. टीजीए पॉलिमर किती, ब्लॅक किती एवढं छान सांगतं.

ग्रेड कायम एकच असेल तर एफटीआयआर पुरेल म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. आमच्याकडेही ते रोज चालतं. पण एनएमआरचा कागद हातात आल्याशिवाय गंधकाच्या बॅचची चिठ्ठी मी मिक्सिंगला देत नाही.